जेवढे मागितले तेवढे

६ मे

आज बँकेत एका मुलीने मला सांगितले की माझी पत कमी आहे. शब्द तिचेच, आणि आवाज जराही खाली न आणता.

मुलगी म्हणजे कर्जविभागातली अधिकारी. टेबलावर नावाची पाटी आहे, नखे नीट कापलेली आहेत, आणि मला काकू म्हणते. माझ्या नवऱ्याला सख्खा-चुलत कुठलाच भाऊ नव्हता, मग मी काकू कुणाची? छापखान्यात सगळी हयात मी मॅडम होते. मुद्रितशोधन विभागात माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळ यंत्रावर चढत नसे.

गेलो होतो बेबीच्या कामाला. बेबी म्हणजे माझी लेक. छत्तीस वर्षांची आहे, इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांच्या पाठी आणि गुडघे सरळ करते आणि श्रेय वरचा डॉक्टर घेतो. आमच्या कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याची मान तिने ठीक केली, तेव्हापासून तो तिच्या मागे लागला आहे की माझे अर्धे दुकान रिकामे पडले आहे, तळमजल्यावर आहे, तुझा स्वतःचा दवाखाना टाक. वर्षअखेरपर्यंत तो जागा दुसऱ्या कुणाला देणार नाही. यंत्रे, खाटा, अनामत यासाठी कर्ज हवे. बेबीच्या एकटीच्या पगारावर तेवढे मिळत नाही, म्हणून सहअर्जदार मी. मला निवृत्तिवेतन आहे, देणे कुणाचे नाही. असे मी समजत होते.

मुलीने पडदा आमच्याकडे वळवला. सहाशे अकरा. निदान सातशे लागतात म्हणाली. मी विचारले, कशाचे? तर पतगुणांक. मला आयुष्यात कुठल्या विषयात इतके कमी पडलेले नाहीत.

"काकू, तुमच्या कार्डाची मर्यादा जवळजवळ संपलीय. आणि तुम्ही दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरताय."

मी म्हणाले, "मी एकही तारीख चुकवलेली नाही. जेवढं मागितलं तेवढं दिलं."

"ते मागितलेलं नव्हतं हो. ते कमीत कमी होतं."

बेबी पडद्याकडे बघत होती. थकबाकीचा आकडा तिथेच होता, पावणेतीन लाख. तिला ठाऊक नव्हता.  घरी पोचल्यावर लिफ्टमध्ये तिने एवढेच विचारले की हे कशावर. मी म्हणाले, घरात काय लागत नाही?

७ मे

झोप नाही.

मुद्दा साधा आहे. बिलावर छापले आहे, "किमान देय रक्कम". देय म्हणजे द्यायची. जी द्यायची ती मी दिली. उरलेली जर देय असती तर तीच देय म्हणून छापायला हवी होती. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगत, पेपरात विचारले तेवढेच लिहा, पुरवणी मागून शहाणपणा दाखवू नका. मी तेवढेच लिहीत आले आणि पहिली येत आले. इथे मात्र पुरवणी न लिहिणारी नापास.

खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले आहे म्हणे की उरलेल्या रकमेवर व्याज लागेल. आहे. आज भिंग लावून वाचले. हे माझ्या हाताखालच्या कुणी इतक्या बारीक टायपात लावले असते तर मी पान परत पाठवले असते.

दोन वर्षे भरते आहे आणि रक्कम होती तिथेच आहे. बेबीने सकाळी कागदावर हिशेब करून दाखवला. दाखवला म्हणजे कागद चहाच्या कपाखाली ठेवून कामावर गेली.

रात्री जेवताना म्हणाली, "आई, घेतलंस तरी काय काय?"

मी सांगितले. लपवण्यासारखे काय आहे? जेवणाचे टेबल, आठ माणसांचे. निरोपसमारंभात आमच्या विभागातले सगळे म्हणाले होते की रविवारी येत जाऊ. आठ माणसे उभ्याने जेवणार का? टेबल आले म्हटल्यावर त्याला शोभतील अशा बशा. मग मागे रेलणारी खुर्ची. मग दिवे, कारण टेबलावर अंधार पडायचा. दुकानातली माणसे मी आत शिरले की उठून उभी राहतात, "या मॅडम" म्हणतात, पाणी देतात. यात उधळपट्टी कुठे आहे ते मला कुणी दाखवावे.

"आलं कोण जेवायला?" बेबीने विचारले.

सगळ्यांना आपापले संसार आहेत. विभागातला एक जण, ज्याला आम्ही स्वल्पविराम म्हणायचो, तो मात्र दोनदा येऊन गेला.

११ मे

एका बँकेने नाकारले म्हणजे जगाने नाकारले असे नाही. काल आणि आज तीन बँकांत गेले. प्रत्येक ठिकाणी कर्जाचा अर्ज केला. कर्ज नकोच आहे मला. मला एवढेच बघायचे होते की माझी किंमत कोणाला कळते. तिघांनीही खुर्ची दिली. तिसऱ्याने कॉफीही दिली. निकाल कळवतो म्हणाले.

आणि जुने कार्ड बंद करून टाकले. ते पहिले, छापखान्यात असताना घेतलेले, ज्यावर आता एक पैसा देणे नव्हते. फोनवर त्या माणसाने दोनदा विचारले, नक्की ना? म्हटले, नक्की. कात्रीने चार तुकडे केले. पाच दिवसांत पहिल्यांदा बरे वाटले.

२८ मे

पाचशे ब्याण्णव.

तिन्ही बँकांनी नाही म्हटले, आणि वर माझेच गुण कापले गेले. अर्ज केला की प्रत्येक बँक चौकशी करते, आणि थोड्या दिवसांत बऱ्याच चौकशा झाल्या की यंत्राला वाटते, ही बाई पैशासाठी दारोदार हिंडते आहे. आणि जुने कार्ड हीच माझी खरी कमाई होती म्हणे. वीस वर्षांची स्वच्छ नोंद, ती मी कात्रीने कापली.

हे सगळे बेबीने मला सांगितले. ओरडली नाही. तिचे वडीलही ओरडत नसत, फक्त चष्मा काढून पुसत. ही चष्मा लावत नाही, तरी मला पुसल्यासारखे वाटले.

मी म्हणाले, "मी तुझ्यासाठीच गेले होते."

"माहितीय," ती म्हणाली. "आता माझ्यासाठी कुठे जाऊ नकोस."

३ जून

कर्जवाल्या मुलीकडे एकटीच गेले. कागद-पेन घेऊन गेले होते. म्हटले, नियम सांगा, आणि काकू म्हणू नका. तिने नियम सांगितले. मोठी रक्कम एकदम भरा. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत या. नवीन अर्ज नको. कार्ड बंद करू नका, अधूनमधून बारीकसे काही घ्या आणि बिल आले की पूर्ण भरा.

म्हणजे अजिबात उधार घेतले नाही तर मी कोणीच नाही, आणि थोडे उधार घेऊन फेडले तर सभ्य. मी म्हणाले, हे नीतिशास्त्र कुणी लिहिले? ती हसली. म्हणाली, "मला पण पटत नाही, मॅडम, पण गुण तसेच मिळतात."

मॅडम म्हणाली. मुलगी वाईट नाही.

१९ जून

मुदत ठेव मोडली. ती माझ्या शेवटच्या खर्चासाठी ठेवली होती, मेल्यावर कुणाचे उपकार नकोत म्हणून. ठेवीवर बँक मला देते चिमूटभर आणि कार्डावर माझ्याकडून घेते ओंजळभर. दोन्हीकडे बँकच. आता मला मरणे परवडणार नाही. बेबीला हे सांगितले तर ती हसलीच नाही.

ठेवीची सगळी रक्कम कार्डावर भरली, तरी देणे उरलेच. घरी येऊन काही सुचेना. दिवाणखान्यात इकडून तिकडे फिरत राहिले. खाली कपड्यांच्या दुकानात सेल लागला आहे. फक्त बघायला गेले. बघून आले.

२ जुलै

स्वल्पविरामाला फोन केला. तो माझ्या हाताखाली होता. सापडेल तिथे स्वल्पविराम द्यायचा, म्हणून हे नाव. बोलतोही तसाच, दर एक-दोन शब्दांनी थांबतो. छापखाना सोडल्यावर त्याने घरीच मुद्रितशोधनाचे काम सुरू केले आहे. औषधांची माहितीपत्रके, मिक्सर-पंख्यांच्या पुस्तिका. मी म्हटले, तुझ्याकडे चुका फार राहत असतील, मी काही पाने बघून देत जाईन. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही, बघाल, तर, बरंच होईल." पानाला जो दर सांगितला तो ऐकून मला त्याची कीव आली. व्यवहार त्याला कधीच कळला नाही.

१४ जुलै

पंख्याच्या पुस्तिकेची चाळीस पाने वाचली. एक चूक नाही. अखेर माझी शिकवण फळाला आली म्हणायची. फक्त समासात पेन्सिलीने खोडलेल्या खुणा दिसतात, जणू आधी कुणी वाचून दुरुस्त करून गेले आहे. गबाळा कारभार. पैसे मात्र वेळेवर पाठवतो.

८ ऑगस्ट

टेबल विकायला काढले. जुने सामान घेणारा आला, हात फिरवून म्हणाला, लाकूड चांगले आहे पण आठ माणसांची घरे आता राहिली नाहीत. जो भाव बोलला त्यात चार खुर्च्याही आल्या नसत्या. त्याला चहा न देता वाटेला लावले.

संध्याकाळी स्वल्पविराम पाने द्यायला आला तेव्हा त्याला ही गोष्ट रागाने सांगितली. तो टेबलाभोवती फिरला. म्हणाला, मला हवेच होते. मी विचारले, तुझ्या दोन खोल्यांत, एकट्या माणसाला? म्हणतो, कागद पसरायला. भावही करीना. मी सांगितले ते तीस हजार दिले, थोडेथोडके नव्हेत. आता मला एवढेच कोडे पडले आहे की ते त्याच्या दारातून आत कसे गेले. बेबी म्हणाली, "पाय कापून गेलं असेल." आणि माझ्याकडे जरा विचित्र बघत राहिली.

५ सप्टेंबर

सहाशे त्रेपन्न.

बेबीने पार्सले खाली सुरक्षारक्षकाकडे ठेवायला सांगितली आहेत. मी विचारले तर म्हणाली, मी येताना घेऊन येईन, तुझ्या गुडघ्याला जिने नकोत. आमच्याकडे लिफ्ट आहे. ती विसरली असेल.

महिन्याला एक वस्तू, नियमाप्रमाणे. साबण घेतला. बिल आले त्याच दिवशी जुन्या देण्यातले थोडे भरले, आणि नवे मात्र पूर्ण. एका साबणाचे. जगाला माझी पत पटावी म्हणून मी हात धुते आहे.

१७ ऑक्टोबर

आज मला कुणी समजावून सांगावे की माझे चुकले कुठे.

चष्मेवाला भेटला. भिंत कुठे घालायची ते त्याने खडूने आखून ठेवले आहे. मी आत उभी राहिले. बेबीची खाट इथे, पडदा इथे, बाक इथे. सगळे दिसायला लागले. दवाखान्यात टॉवेल लागणार, आणि स्वच्छ लागणार. तिथूनच दुकानात गेले. चोवीस टॉवेल घेतले, जाड, पांढरे शुभ्र, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने बेबीचे नाव काढून. कार्डावर. रोख इतके नव्हतेच. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसत होते, मी मनात मोजले होते. दुकानदाराने विचारले, मुलगी डॉक्टर का? मी हो म्हटले.

बेबी आली. खोके दारातच होते. ती उघडेना. मीच उघडले, वरचा टॉवेल काढून तिच्या हातात दिला. तिने नावावरून बोट फिरवले आणि घडी घालून परत ठेवला.

"परत कर, आई."

नाव काढलेले परत घेत नाहीत, मी म्हणाले.

ती खुर्चीत बसली, चपला न काढता. "मला जागा मिळाली नाही तर?"

"का नाही मिळणार? मी आहे ना."

ती उठून आत गेली. मी तिच्यासाठीच घेतले होते. स्वतःसाठी एक रुमाल घेतला नाही. लेकीला टॉवेल देणे हा गुन्हा कधीपासून झाला?

१९ ऑक्टोबर

दोन दिवस ती "हो" आणि "नाही" यापलीकडे बोललेली नाही. घरात मला बसवत नाही आणि बाहेर जावे तर सगळीकडे दुकानेच आहेत. कार्ड पाकिटातून काढून पिठाच्या डब्यामागे ठेवले. कुणी सांगितले म्हणून नाही. मला जागा हवी होती पाकिटात.

१२ नोव्हेंबर

सहाशे अठ्ठ्याऐंशी. टॉवेलांचे पूर्ण फेडले. स्वल्पविरामाकडून औषधांची पाने आली, डोळे दुखेपर्यंत वाचली. एका गोळीच्या पत्रकात एक वेलांटी चुकलेली सापडली. त्याला फोन करून सांगितले तर इतका ओशाळला की मीच त्याची समजूत घातली. म्हणतो, "कशी, राहिली, कोण जाणे."

३ डिसेंबर

सातशे चौदा.

हे वाक्य नीट लिहावे म्हणून सकाळपासून थांबले होते. आता लिहिते आहे, पण आनंदाने नाही.

बँकेत वेळेच्या आधी पोचलो. मुलीने पडदा वळवला, आणि या खेपेला तो मी स्वतःहून नीट बघितला. ती म्हणाली, मॅडम, सात महिन्यांत शंभरावर गुण फार थोडे लोक चढतात. मी म्हणाले, मला सवय आहे. तिने अर्ज काढला, अर्जदार, सहअर्जदार, सात वर्षांची मुदत. पेन माझ्यापुढे सरकवले.

बेबी म्हणाली, "माझ्या एकटीच्या नावावर किती मिळेल?"

मुलीने सांगितले, निम्मेच. त्यात एकच यंत्र येईल, आणि चष्मेवाल्याच्या अर्ध्या दुकानाचेही अर्धे.

"चालेल. तेवढंच करा."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी पेनचे टोपण लावले. तिच्यासमोर मी काही बोलणार नव्हते. कॉन्व्हेंटने तेवढे शिकवले आहे.

लिफ्टमध्ये मी विचारले, का म्हणून. आकडा झाला ना? यंत्राने मान्य केले ना?

ती लिफ्टच्या दाराकडे बघत बोलली. "आई, सात वर्षं रोज घरी येताना दारात काय असेल, हे मी बघत येऊ शकत नाही. तू कर्ज फेडत आणलंस. खूप केलंस. पण मला झोप लागली पाहिजे."

तळमजला आला. दार उघडले. बाहेरची माणसे आत शिरायला थांबली होती, म्हणून आम्ही बाहेर पडलो.

४ डिसेंबर

यंत्राला माझा भरवसा वाटतो. ज्याला आई नाही, बाप नाही, ज्याने मला कधी पाहिले नाही, त्याला. पोटच्या पोरीला वाटत नाही. हे कुठल्या बारीक टायपात छापले होते?

सातशे चौदा. आता या चौदाचे मी काय करू?

५ डिसेंबर

काल लिहिलेले वाचले. खोडणार होते. खोडले नाही. त्यात व्याकरणाची चूक नाही.

२० डिसेंबर

बँकेचे पत्र. माझी वागणूक उत्तम असल्याने त्यांनी कार्डाची मर्यादा वाढवली आहे. अभिनंदन केले आहे. बेबी पलीकडे भाजी चिरत होती. फोन लावला आणि कळवले, मला वाढ नको, होती तेवढी राहू द्या. पलीकडचा माणूस म्हणाला, मॅडम, लोक ही मागून घेतात. मी म्हटले, मी लोक नाही. बेबीने मान वर केली नाही. चिरायची मात्र जरा थांबली असे मला वाटले. भाजी संपली असेल.

११ जानेवारी

आज शेवटचे भरले. कार्डावर शून्य.

कुणाला सांगावे कळेना. बेबी चष्मेवाल्याकडे रंगाऱ्यांपाशी उभी होती, तिला हे सांगायला जाणे म्हणजे शाबासकी मागायला जाणे. स्वल्पविरामाला फोन केला.  तो म्हणाला, "म्हणजे मॅडम पूर्णविराम."

तीन शब्द सलग बोलला. छापखान्यात असता तर बढती दिली असती.

९ फेब्रुवारी

बेबीचा दवाखाना सुरू होऊन पंधरवडा झाला. मी गेले नव्हते. बोलावले होते, नाही असे नाही. पण ज्या जागेत माझी सही नाही तिथे जाऊन मी काय मिरवू?

आज गुडघ्याने उठूच देईना. शेवटी गेले. बाकावर तिघे होते, मी चौथी बसले. आई आहे म्हणून पुढे घुसणार नव्हते. पाव दुकान आहे, पण स्वच्छ आहे. एक खाट, एक यंत्र, पडदा ओढला की कुणाची हालचाल कुणाला दिसत नाही. माझा नंबर आल्यावर बेबी पडद्याबाहेर डोकावली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "या पुढचे." मग मला बघितले, आणि तरी पडदा धरून उभीच राहिली, जशी इतरांसाठी राहत होती.

तिचे हात इतके जोरदार आहेत हे मला माहीत नव्हते. दुखते का विचारायची, मी नाही म्हणायचे, आणि ती तिथेच जास्त दाबायची. खोटे बोललेले तिला बोटांनी कळते. व्यायाम सांगितला, रोज दोनदा, भिंतीला धरून. करशील ना, असे विचारले नाही. दर गुरुवारी यायचे म्हणाली.

खाटेवरून उतरले आणि पाकीट उघडले. आत किल्ली आणि रुमाल. अलीकडे मी पाकिटात पैसे ठेवतच नाही, ते कपाटावर ठेवते, आणि लागतील तेवढे मोजून घेऊन बाहेर पडते. आज दुखण्यात राहिले. इतकी लाज मला त्या कर्जविभागातही वाटली नव्हती. बाहेर बाकावर दोघे बसलेले. मी म्हणाले, दोन मिनिटांत वर जाऊन आणते.

ती हात धूत होती. मागे न वळता म्हणाली, "राहू दे. गुरुवारी दे."

"लिहून ठेव मग."

"कशाला?"

तिने हात पुसले आणि पडदा सरकवून पुढच्याला आत घेतले.

घरी आले. पैसे कपाटावर तसेच होते. दवाखाना सातपर्यंत उघडा असतो, साडेपाच वाजत होते, आणि खाली जायला लिफ्ट आहे. दोनदा दारापर्यंत गेले. मग चपला काढल्या, भिंतीला धरून व्यायाम केला. गुरुवारपर्यंत देणे राहू दे.